वाघळी ते पाटणादेवी : खानदेशातील एका दिवसाच्या अभ्यासभ्रमंतीचे मार्गदर्शन

खानदेशात प्राचीन अवशेष पाहायला निघालेला माणूस बहुधा एकाच दिवसात फार गावे पाहण्याचा बेत आखतो. सकाळी एरंडोलचा पांडववाडा, दुपारी पारोळ्याचा किल्ला आणि संध्याकाळी चांगदेवचे मंदिर असा बेत कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढण्यापुरतीच सवड मिळते. माझा अनुभव असा आहे की एका दिवसासाठी एकच परिसर निवडावा, त्यातली दोन किंवा तीन स्थळे ठरवावीत आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या माणसांशी बोलण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. आपल्याकडचे बहुतेक अवशेष ओसाड नाहीत. त्यांच्यासमोर आजही दिवा लागतो, नवस फेडले जातात, लेकरांची जावळे काढली जातात. दगड आणि परंपरा एकाच अंगणात असताना त्यांपैकी फक्त दगड पाहून परतणे म्हणजे अर्धेच पाहणे होय.

या दृष्टीने पहिल्या भ्रमंतीसाठी मी चाळीसगाव तालुका सुचवतो. वाघळीची देवळे, पाटणे येथील महादेव मंदिर आणि पाटणादेवीच्या नावाने प्रसिद्ध असलेले चंडिकादेवीचे मंदिर अशी तीन स्थळे येथे एका दिवसात शांतपणे पाहता येतात, आणि त्या तिन्हींच्या मागे अभ्यास करण्याजोगा शिलालेखांचा भक्कम आधार आहे.

ऋतू आणि वार निवडताना

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा असतो. हवा कोरडी व थंड असते, सूर्य दिवसभर तिरपा राहतो आणि भरताची वांगी याच दिवसांत खऱ्या चवीची मिळतात. पावसाळ्यात पाटण्याचे डोंगर हिरवेगार होतात, केदारकुंड आणि धवलतीर्थ यांचे धबधबे भरून वाहतात व गर्दीही होते. परंतु डोंगरावर पडलेले पाणी इथल्या नद्यांतून फार थोड्या वेळात खाली येते, हे कधीही विसरू नये. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेल्या पुराने चाळीसगाव शहर व आसपासची गावे पाण्याखाली नेली, आणि त्याच दिवशी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात जायचेच असेल तर आदल्या दिवशीचा पाऊस विचारून घ्यावा, ओढ्याच्या पात्रात जेवायला बसू नये आणि पाणी गढूळ होऊ लागताच काठ सोडावा.

वाराबाबत माझे मत स्पष्ट आहे. शिल्पे व शिलालेख हा मुख्य हेतू असेल तर मंगळवार, शुक्रवार, रविवार व पौर्णिमा टाळावी, कारण देवीच्या वारी गाभाऱ्यापाशी थांबून पाहणे शक्य होत नाही आणि भाविकांच्या दर्शनात अडथळा आणणे योग्यही नाही. उलट परंपरा पाहण्याची इच्छा असेल तर शारदीय नवरात्र किंवा चैत्रातील यात्रेचे दिवस निवडावेत आणि त्या दिवशी शिल्पांचा आग्रह सोडून द्यावा.

आदल्या दिवशीची तयारी

सामान थोडेच लागते, परंतु ते नेमके असावे. माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, टाचेला पकड असलेले बूट, एक चांगला टॉर्च, रेघी वही, दोन पेन्सिली आणि पाच मीटरचा मापनफितीचा डबा. टॉर्च अंधारासाठी जितका लागतो त्याहून अधिक शिलालेखासाठी लागतो. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे. देवळात बूट बाहेर काढावे लागतात आणि दुपारी फरशी तापते, म्हणून जाड मोज्यांचा एक जोड जवळ ठेवावा. दुर्बीण असल्यास आणावी, कारण देवळाच्या वरच्या थरातील शिल्पे नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर असून जळगाव व छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करूनच पुढे जावे, प्लॅस्टिक आत नेऊ नये आणि सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. या जंगलात बिबट्या आणि अस्वल यांचा वावर आहे, त्यामुळे पायवाट सोडून एकट्याने भटकणे धोक्याचे ठरते. डोंगरात मोबाइलच्या संपर्काचा भरवसा धरता येत नाही. आपण कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार आहोत हे घरी सांगून ठेवावे.

मुंबई–भुसावळ या मुख्य लोहमार्गावर चाळीसगाव जंक्शन आहे आणि धुळ्याहून येणारा फाटा तिथेच मिळतो. रस्त्याने धुळ्याहून सुमारे ५५ किलोमीटर अंतर पडते. जळगावकडून येणाऱ्याला रेल्वे अधिक सोयीची आहे. वाघळी हे चाळीसगावच्या लगतचे स्टेशन असले तरी तिथे सर्व गाड्या थांबत नाहीत. म्हणून चाळीसगावला उतरून दिवसभरासाठी एक रिक्षा किंवा जीप ठरवणे मला उत्तम वाटते. गाडी ठरवतानाच चालकाला दोन्ही दिशांची गावे, थांबण्याचे तास आणि दुपारचे जेवण यांची कल्पना द्यावी. गाडीवाला जवळपासच्या गावचा असेल तर निम्मी माहिती प्रवासातच मिळते.

पहिला टप्पा : वाघळी, सकाळी साडेसात ते साडेनऊ

वाघळी येथे सकाळच्या पहिल्या उन्हात पोहोचावे. येथे मुधाईदेवीचे जुने मंदिर आहे, तसेच महानुभाव पंथीयांच्या ताब्यात असलेले कृष्णमंदिर आहे. वाघळीचे महत्त्व ज्या लेखामुळे आहे तो शके ९९१ चा, म्हणजे इसवी सन १०६९ चा आहे. सेउणचंद्र (दुसरा) या यादव राजाचा मांडलिक असलेल्या गोविंदराज याने येथे सिद्धेश्वराचे शिवमंदिर बांधल्याचे त्यात नमूद आहे, आणि हा गोविंदराज आपले कुळ मौर्य असे सांगतो. पाटलिपुत्राच्या मौर्यांचे राज्य संपून बाराशे वर्षे उलटल्यानंतर खानदेशातील एका सरदाराला आपल्या घराण्याचे नाव मौर्य असे दगडावर कोरवून घ्यावेसे वाटले, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

देऊळ पाहण्याचा क्रम येथेच अंगवळणी पाडून घ्यावा, म्हणजे पाटण्याला वेळ वाया जात नाही. आल्याबरोबर आत शिरू नये. प्रथम थोडे लांब उभे राहून देवळाचा आराखडा वहीत काढावा : गर्भगृह कोठे आहे, त्याच्यापुढचे लहानसे अंतराळ कोठे संपते, सभामंडप केवढा आहे, शिखर उभे आहे की पडले आहे. त्यानंतर बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी आणि तेवढ्यात फक्त खालचा भाग, म्हणजे जोते पाहावे. दुसऱ्या प्रदक्षिणेत मधली भिंत, म्हणजे मंडोवर पाहावा. देवतांच्या मूर्ती, सुरसुंदरी आणि कोनाडे तिथेच असतात. गर्भगृहाचे पाणी बाहेर सोडणारी पन्हाळ कोणत्या बाजूला आहे तेही पाहून ठेवावे. या दोन फेऱ्यांनंतरच आत जावे आणि दारापाशी थांबावे. दाराच्या दोन्ही बाजूंच्या नक्षीदार पट्ट्या म्हणजे द्वारशाखा. त्या किती आहेत ते मोजावे. दारावर मध्यभागी कोरलेली छोटी आकृती म्हणजे ललाटबिंब. तिच्यावरून देऊळ मुळात कोणत्या देवतेचे असावे याचा अंदाज येतो. आत आज दुसरी मूर्ती असेल तर देवळाने मधल्या काळात हात बदलले असण्याची शक्यता असते. हे तर्क वहीत लिहावेत, पुजाऱ्यासमोर वाद म्हणून मांडू नयेत.

गावातून बाहेर पडताना पारावर, मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ कोरलेले उभे दगड दिसतात का ते पाहावे. खानदेशातील अनेक गावांत असे दगड शेंदूर लावून पुजले जातात. एकावर एक तीन-चार चौकटी असतील, खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांबरोबर वर जाणारा वीर आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा असेल, तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड समजावा. बांगड्या भरलेला, कोपरातून वर वळलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा असते. चंद्र आणि सूर्य दोन्हींवर असतात. ही स्मृती चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावी, असा त्याचा अर्थ.

‘हेमाडपंती’ या शब्दाविषयी

चुन्याशिवाय, दगडात खाचा पाडून रचलेल्या प्रत्येक काळ्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. बोलण्यात तो शब्द चालतो, परंतु अभ्यास करताना त्याने दिशाभूल होते. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वाघळीचा लेख त्याच्याआधी सुमारे दोनशे वर्षांचा आहे आणि आपण आता ज्या महादेव मंदिराकडे जाणार आहोत तेही त्याच्याआधी शंभर वर्षे उभे होते. म्हणून वहीत ‘हेमाडपंती’ असे लिहून मोकळे होण्याऐवजी ‘शुष्कसांधी दगडी बांधणी, यादवकाळ’ असे लिहावे आणि लेखातील शक त्याच्याखाली नोंदवावा.

दुसरा टप्पा : पाटण्याचे महादेव मंदिर, साडेदहा ते बारा

चाळीसगावहून पाटणे सुमारे १८ किलोमीटर आहे. सातमाळ्याची रांग जवळ येऊ लागते तसा रस्त्यालगतचा कापूस आणि ऊस मागे पडतो आणि समोर कड्यांचा अर्धगोल उभा राहतो. रस्त्याच्या या शेवटच्या भागात गाडी हळू चालवायला सांगावी, कारण आपण ज्या मातीवरून जातो आहोत ती फार जुन्या मानवी वस्तीची आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटणे येथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेषा कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्याचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे ठरले. खानदेशाच्या या टोकाला एके काळी शहामृग होते आणि त्याच्या अंड्यावर कोणीतरी बसून नक्षी कोरली होती. शेतात किंवा ओढ्याकाठी गारगोटीचे धारदार तुकडे दिसले तर ते उचलून खिशात घालू नयेत. वस्तू तिच्या थरातून हलली की तिची साक्ष संपते.

पाटणे हे बाराव्या-तेराव्या शतकात निकुंभ या मांडलिक घराण्याचे नगर होते. महादेव मंदिराच्या अंतराळातील लेख शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ चा आहे. इंद्रराज या निकुंभ राजाने देऊळ बांधायला घेतले, ते पुरे होण्याआधी तो वारला, मुलगा गोवन लहान होता, म्हणून राणी श्रीदेवीने राज्याचा कारभार पाहिला आणि देऊळही पूर्णत्वास नेले. अंतराळात उभे राहून सोबतच्या मंडळींना, विशेषतः मुलींना, ही हकीकत जरूर सांगावी. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक मार्गदर्शकांच्या तोंडी राजाचे नाव असते, राणीचे नसते.

लेख वाचता येत नसला तरी तो पाहण्याची एक रीत आहे. अक्षरे उथळ असतात आणि समोरून प्रकाश पडला की ती पुसल्यासारखी दिसतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, एका बाजूने धरावा. प्रत्येक अक्षराची एक कड उजळते, दुसरीवर सावली पडते आणि ओळ उठून दिसते. छायाचित्र काढायचे असेल तर एकाने टॉर्च धरावा आणि दुसऱ्याने फ्लॅश बंद ठेवून, लेखाशी काटकोनात उभे राहून चित्र घ्यावे. शेजारी मापनफीत धरली तर अक्षरांची उंची कळते. अक्षरे दिसावीत म्हणून खडू, पीठ, कुंकू, तेल किंवा पाणी लावणे हे नुकसानच आहे, मग ते कितीही चांगल्या हेतूने केलेले असो. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार, आणि त्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

तिसरा टप्पा : चंडिकादेवीचे मंदिर आणि चांगदेवाचा लेख

येथून पुढे जंगल दाट होते. डोंगरी नदीच्या खोऱ्यात, कड्यांच्या कुशीत, उंच जोत्यावर चंडिकादेवीचे मंदिर आहे. आल्यावर प्रथम देवीचे दर्शन घ्यावे. श्रद्धा असो वा नसो, ज्या घरी आपण आलो आहोत त्या घरातल्या थोरांना आधी भेटावे, ही आपली रीत आहे. ती पाळली की पुजारी आणि तिथे बसलेली वडीलधारी माणसे मोकळेपणाने बोलू लागतात.

या देवळातूनच डॉ. भाऊ दाजी लाड यांना तो लेख मिळाला, ज्यामुळे पाटणे जगभरच्या गणिताच्या इतिहासात पोहोचले. त्यांनी त्याचे वाचन १८६५ साली प्रसिद्ध केले. लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल यादवाने आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने येथे मठ काढला, आणि निकुंभ राजा सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्याला दान दिले. सोइदेवाचे दान १२०७ सालच्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी दिलेले आहे. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्या दिवशीच दान मिळावे, यात त्या लोकांची जाण दिसते. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगतात. ते गाव म्हणजे हेच पाटणे, असे छातीठोकपणे सांगणारा फलक दिसला तर तो जपून वाचावा. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन मात्र येथे होत होते, हे दगडावर लिहिलेले आहे.

या लेखाचा मला सर्वांत प्रिय असलेला भाग त्याच्या शेवटी येतो. संस्कृत श्लोक संपतात आणि दानाचा तपशील जुन्या मराठीत सुरू होतो, कारण तो व्यापाऱ्यांना व तेल्यांना कळायला हवा होता. पाटणच्या बाजारात जे ‘केणें’, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाईल त्यावरचे राजाचे उत्पन्न मठाला दिले आहे, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल द्यायचे आहे. पळी हा शब्द आजही आपल्या स्वयंपाकघरात आहे. विद्यार्थ्यांच्या समया ज्या तेलावर जळत त्याचे माप आपण अजून रोज हातात धरतो, हे या देवळाच्या पायरीवर बसून मनात आणावे. मग आठशे वर्षांचे अंतर एवढे मोठे वाटत नाही.

दुपारचे जेवण आणि बोलणे

जंगलात चूल पेटवू नये. डबा आणला नसेल तर चाळीसगावच्या वाटेवरील एखाद्या गावात, शक्य असल्यास चालकाच्या ओळखीच्या घरी, आधी सांगून जेवण ठरवावे आणि योग्य मोबदला द्यावा. हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मागावी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले पीठ. या भाकरीबरोबर ठेचा आणि कच्चा कांदा हवाच. वांगी पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजली असतील तर चव निराळी लागते, गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. इतर दिवसांत शेवभाजी किंवा वरण-बट्टी मिळेल. वरण-बट्टी जड असते. त्यानंतर डोंगर चढायचा असेल तर बेताने खावी.

जेवणानंतरचा तास बोलण्यासाठी ठेवावा. या भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. ‘तुम्ही कोठला शेतस?’ असा प्रश्न आधी तुम्हालाच विचारला जाईल. आपले गाव, आपले काम आणि येण्याचे कारण सरळ सांगावे. वयस्कर बाईंना माय किंवा आक्का, पुरुषांना बाबा किंवा आबा म्हणावे. मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. ‘या देवळाचा इतिहास काय?’ असे विचारले की लोक मास्तरांकडे बोट दाखवतात. ‘तुमच्या घरातले कोणकोण या देवीला येतात, आणि केव्हा येतात?’ असे विचारले की माहेर, सासर, नवस, कुळाचार, सारेच बाहेर येते. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे कोणी सांगितले तर शके १०७५ ची तारीख पुढे करून त्यांना गप्प करू नये. ती कथा कोणी सांगितली आणि तिच्यात कोंबडा आरवण्याचा प्रसंग आहे की नाही, हे शब्दशः लिहून घ्यावे. लोककथा हादेखील पुरावाच आहे, फक्त वेगळ्या गोष्टीचा. ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्र परवानगीशिवाय करू नये, आणि बायका गाणी म्हणत असतील तर पुरुषांनी थोडे लांबच बसावे.

दोन सणांविषयी आवर्जून विचारावे. पहिला अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाचा मान दिवाळीएवढा आहे : सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात, आणि पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून खापरावरच्या पुरणपोळीचा व आमरसाचा नैवेद्य दाखवला जातो. खापरावर पोळी टाकताना पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये. उलट्या मातीच्या खापरावर हातावर फिरवून मोठी केलेली पोळी पसरणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला असतो.

दुसरा सण कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी श्रावणात कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देऊन दागिने घालतात, रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. या सणाच्या नैवेद्याला रोट म्हणतात, आणि त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ धान्य मोजून दळले जाते. विभक्त झालेले भाऊही त्या दिवशी एका चुलीवर येतात, कारण मुठी एकाच सुपात पडाव्या लागतात. एका आजींनी हे मला सूप हातात घेऊन दाखवले होते; घरातली नावे घेत त्या मूठ टाकत गेल्या आणि परगावी नोकरीला असलेल्या नातवाचीही मूठ त्यांनी टाकली. घाण्यामागे पळीभर तेल आणि माणसामागे सव्वा मूठ धान्य, ही दोन्ही मापे मी त्या दिवशी वहीच्या एकाच पानावर लिहिली.

चौथा टप्पा : दुपारनंतर कोठे जावे

येथे निवड करावी लागते. चालण्याची सवय असलेल्यांनी स्थानिक वाटाड्या घेऊन कन्हेरगडाच्या बाजूची नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी ही लेणी पाहावीत. नागार्जुन कोठडी हे जैन लेणे असून त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. वाट घसरणीची आहे. लहान मुले, गुडघेदुखीची माणसे किंवा ओली माती असेल तर हा बेत सोडावा. चार वाजता, जेथे असाल तेथून, परत फिरावे.

पितळखोऱ्याची ओढ अनेकांना असते आणि ती रास्त आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेली ही बौद्ध लेणी कन्नड तालुक्यात, याच डोंगररांगेत आहेत. पायऱ्यांनी दरीत उतरल्यावर विहाराच्या जोत्यावर दगडी हत्तींची रांग आणि दाराशी द्वारपाल दिसतात, आणि चैत्यगृहाच्या खांबांवर नंतरच्या काळातील रंगचित्रांचे अवशेष आहेत. लेण्यांना दान देणारे पैठणचे होते : एक गंधी मितदेव, एक राजवैद्य मगिल. कान्हदास नावाच्या सोनाराने घडवलेला यक्ष येथेच मिळाला, तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परंतु पाटण्याहून डोंगर चढून तिथे जाणे हा स्वतंत्र दिवसाचा ट्रेक आहे, आणि गाडीने जायचे तर चाळीसगावला मागे येऊन औट्रम घाटाने, म्हणजेच कन्नड घाटाने, वर चढावे लागते. ज्यांना पितळखोरे पाहायचेच आहे त्यांनी त्या दिवशी वाघळी वगळावी, सकाळी आधी घाट चढून लेणी पाहावीत आणि दुपारी पाटण्याला यावे. तिन्ही ठिकाणे एका दिवसात कोंबू नयेत.

ज्यांना चढायचे नाही त्यांनी पुन्हा महादेव मंदिराकडे जावे. सकाळी सावलीत असलेली पश्चिमेची भिंत आता उन्हात असते आणि सकाळी न दिसलेली शिल्पे स्पष्ट दिसतात. मला स्वतःला ही तिसरी प्रदक्षिणा सर्वांत लाभदायक वाटत आली आहे. चाळीसगावला परतल्यावर गाडीला अवकाश असेल आणि कलादालन उघडे असेल, तर स्टेशनजवळच केकी मूस यांचे घर पाहावे. १९८९ साली निधन पावलेल्या या छायाचित्रकाराने जवळजवळ सारे आयुष्य त्या घराच्या चार भिंतींत राहून काम केले.

त्याच रात्री करावयाचे काम

नोंदी दुसऱ्या दिवसावर टाकू नयेत. प्रत्येक छायाचित्राला गाव, देऊळ, दिशा आणि थर यांची नावे द्यावीत. ‘वाघळी, मुधाईदेवी, दक्षिण, मंडोवर’ एवढे चार शब्द पुरतात. ऐकलेल्या कथा सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहाव्यात, अहिराणी शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि ज्याचा अर्थ लागला नाही त्याखाली रेघ मारावी. शिलालेखातून कळलेले, लोकांनी सांगितलेले आणि आपण तर्काने ठरवलेले, हे तीन रकाने वेगळे ठेवावेत.

ज्यांची छायाचित्रे काढली त्यांना ती कागदावर छापून पाठवावीत. मोबाइलवर पाठवलेले चित्र नातवाच्या फोनमध्ये राहते, आजीच्या हाती पडत नाही. चालकाकडे लिफाफा दिला तरी तो पोहोचतो. सूप हातात धरलेल्या त्या आजींचे छायाचित्र मी असेच पाठवले, आणि पुढच्या श्रावणात चालकाकरवी निरोप आला की रविवारी कानबाई बसते आहे, जेवायला यावे.